हाय की न्हाय

तांबेबाईंना एखादी गोष्ट कळली नाही की त्या तसं भर कोर्टात सांगत. वकिलीत असं कुणी करत नाही. न कळलेलं खोकल्याखाली झाकायचं, अशिलासमोर मान डोलवायची आणि नंतर पॅसेजमध्ये दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, अशी आमची सगळ्यांची रीत. बाई मात्र चष्मा कपाळावर चढवून शांतपणे म्हणत, "साहेब, माझा इथे गोंधळ होतोय." समोरचा वकील गालात हसायचा. मग न्यायाधीश तोच कागद पुन्हा वाचायला घेत, आणि बऱ्याचदा वाचता वाचता त्यांच्याही कपाळाला आठ्या पडत.

शशिकला तांबे मूळच्या मंडणगडकडच्या, वाढल्या परळला आणि लग्नानंतर काही वर्षांनी मीरा रोडला आल्या. त्यांचं ऑफिस तिथल्याच हाटकेश भागातल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत होतं, पहिल्या मजल्यावरचा अर्धा गाळा. तांबेकाकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, तो कसला तरी धंदा करायचा म्हणून घेतला होता. धंदा काही झाला नाही, म्हणून बाई तिथे टेबल टाकून बसल्या. खाली पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता. त्याचं प्रेस मशीन धाडकन आपटलं की वरच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरायचा. नवे अशील दचकत. बाईंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की दोन आपटण्यांच्या मधल्या फटीत त्या आपलं वाक्य बरोबर बसवत. कोर्टातही त्या मधेच थांबून थांबून बोलत, ते त्यामुळेच असणार असं मला वाटायचं.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा मला कायदा बऱ्यापैकी येतो अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर एका हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा छापील गठ्ठा ठेवला आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. मला वाटलं थट्टा करतायत. पण बाई प्रत्येक चॅट अशीच वाचून घेत, पोथी वाचल्यासारखी, एका सुरात, चित्रांसकट. "हात जोडलेले. हात जोडलेले. गुलाबाचं फूल. सेक्रेटरी चोर आहे. हात जोडलेले." हसू दाबून मी वाचत होते आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. डोळ्यांनी वाचलं की आपल्याला हवं तेच दिसतं, तोंडाने वाचलं की जे आहे ते ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या गठ्ठ्यात सेक्रेटरीला सगळ्यात घाण शिव्या देणाऱ्याचं नाव 'मोटा भाई' असं छापलेलं होतं. आमच्या अशिलाने ते एका शेजाऱ्याच्या फोनवरून छापून आणलं होतं. आपण कुणाचं नाव आपल्या फोनमध्ये जसं साठवतो तसंच ते छापून येतं, हे मला माहीत होतं, पण त्यावर कधी विचार केला नव्हता. बाईंनी शेजाऱ्याला विचारलं, हा मोटा भाई कोण? त्याने जुना फोन विकून टाकला होता. नंबर छापलेला नव्हता. आणि त्या सोसायटीत मोटा भाई म्हणावेत असे निदान चार जण निघाले. सुनावणीला बाई उठल्या आणि म्हणाल्या, ही शिवी कुणीतरी दिलीय एवढंच आम्हाला ठाऊक आहे. ती केस तिथेच विरघळली. अशील रागावून गेला. मला बाईंचाच राग आला होता. बाई शेंगदाणे आणि गूळ खात म्हणाल्या, "गोंधळ झालाय ना तुझा? मग ठीक चाललंय. मला लख्ख समजलं असं वाटतं ना, तेव्हा मी घाबरते."

अशा कामांसाठी त्या कुरेशीसाहेबांना बोलवत. कुरेशी हे पन्नाशीचे गृहस्थ, इंजिनिअर, फोन आणि कॉम्प्युटरमधला मजकूर जसाच्या तसा उतरवून देणारे तज्ज्ञ. बाई त्यांच्याशी हिंदीत बोलत आणि अडलं की मराठीत शिरत. नव्या कायद्यात असा मजकूर कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात त्या फाइलचा एक लांबलचक आकडा लिहायचा असतो. हा आकडा म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, असं कुरेशींनी सांगितलं. बाईंनी एक ओळ लिहून त्याचा ठसा काढायला लावला. मग शेवटचा पूर्णविराम काढून पुन्हा. सगळा आकडा बदलला, एकही भाग आधीसारखा राहिला नाही. बाई लहान मुलीसारख्या पुढे सरकून बसल्या. स्वल्पविराम घालून बघा, रिकामी जागा टाकून बघा, असं त्यांनी कुरेशींना दुपारभर पिडलं. शेवटी त्यांनी विचारलं की हा ठसा जुळला म्हणजे मजकूर खरा, असंच ना? कुरेशी म्हणाले, नहीं मॅडम, मजकूर बदललेला नाही एवढंच. खोटं लिहिलं असेल तर खोट्याचा ठसा जुळेल. बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

फिलोमिनाबाई आल्या त्या यानंतर थोड्याच दिवसांनी. उत्तनजवळच्या पाली गावच्या. त्यांचा नवरा आंतोन आणि चेणे गावचे रमेश भोईर या दोघांचा बर्फाचा कारखाना होता, होड्यांना बर्फ पुरवणारा. मशीन आणि गाड्या भोईर बघत, कोळीवाड्यातली गिऱ्हाइकं आंतोन सांभाळायचा. वीसेक वर्षांची भागी. आंतोन किडनीच्या आजाराने भाईंदरच्या हॉस्पिटलात पडला आणि तिथेच गेला. महिन्याची प्रार्थना झाल्यावर फिलोमिनाबाई कारखान्यात गेल्या तेव्हा भोईरांनी त्यांना आपला फोन दाखवला. आंतोनने खाटेवरून पाठवलेला मेसेज होता त्यात. 'मला भागी सोडायची हाय. आता तू बघ.'

म्हणजे मरायच्या आधीच आंतोन भागीतून बाहेर पडला होता, आणि कारखान्यात फिलोमिनाबाईंचं काही उरलं नव्हतं.

बाईंनी तो मेसेज त्यांच्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला. फिलोमिनाबाई लगेच म्हणाल्या, "ह्यो त्याचा न्हाय. आंतोन जन्मात 'मला' बोलला न्हाय. तो 'मना' बोलायचा."

आंतोनला चष्म्याशिवाय दिसत नसे आणि टाइप करायचा कंटाळा. तो फोनच्या माइकचं चित्र दाबून बोलायचा आणि फोन ते लिहायचा. त्याची पालीची बोली फोनला कुठून कळणार? फोन त्याला शिकवलेलं मराठी लिहायचा. 'मना'चं 'मला' झालं होतं, 'हाय' तेवढं इंग्रजीतलं 'हाय' समजून तसंच राहिलं होतं. मग 'न्हाय'चं काय झालं असेल?

मी उडालेच. बाई मात्र उत्साहात आल्या नाहीत. त्यांनी आंतोनचा फोन मागवून घेतला, कुरेशींकडून त्यातला सगळा मजकूर उतरवून घेतला, आणि आम्ही वाचायला बसलो. म्हणजे मी वाचत होते, खाली मशीन आपटत होतं, बाई ऐकत होत्या. बोंबलाचा मोबाइल झाला होता, जाळ्याचं 'झालं' झालं होतं. अर्धे मेसेज कुणालाच कळले नसतील. आणि मग भाच्याला पाठवलेला एक सापडला. 'आज दर्या बरा हाय. होडी काढू नको.' दर्या बरा आहे तर होडी का काढू नको? तो 'बरा न्हाय' म्हणाला असणार हे उघड होतं. असे आणखी दोन-तीन निघाले. पण असेही निघाले की जिथे 'न्हाय' म्हटल्यावर फोनने नीट 'नाही' लिहिलं होतं.

मी म्हटलं, बाई, हे तर आपल्या बाजूचं आहे. बाई म्हणाल्या, "आपल्या बाजूचं हे आहे की फोनला कळत नव्हतं. आंतोनला काय म्हणायचं होतं ते यात कुठे आहे?"

मग आणखी पुढे वाचत गेलो तेव्हा एक आवाजाची फीत सापडली. आंतोनने वसईला राहणाऱ्या आपल्या बहिणीला पाठवलेली, त्याच हॉस्पिटलातून. यात लिहिलेलं काही नव्हतं, फक्त बोलणं. त्याचा श्वास लागत होता. तो म्हणत होता, थकलो गो बाय. भोईरला सांगितलाय, आता तूच बघ. फिलोला बोलू नको, ती रडंल.

बाईंनी ती एकदाच ऐकली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि फिलोमिनाबाईंना बोलावून घ्यायला सांगितलं.

फिलोमिनाबाईंच्या हिश्श्यासाठी दावा लावायचा होता, आणि भागीचे असे दावे आता ज्या व्यापारी कोर्टात चालतात तिथे नियम कडक आहे. आपल्याजवळ असलेलं सगळं समोरच्याला दाखवायचं, आपल्या बाजूचं आणि आपल्या विरुद्धचंही, आणि काही लपवलेलं नाही असं शपथेवर लिहून द्यायचं. वकील याला डिस्कव्हरी म्हणतात. कागद कपाटात असत तेव्हा ठीक होतं. आता माणसाचा अख्खा फोन म्हणजे कपाट, देवघर, झोपायची खोली, सगळंच आलं. यातलं कारखान्याशी संबंधित काय आणि नाही काय, हे बाईंना दर वेळी नव्याने कोडं पडायचं. आंतोनच्या फोनमधले घरचे फोटो, प्रार्थनेचे मेसेज, फिलोमिनाबाईंशी झालेली भांडणं त्यांनी बाजूला काढली होती. ती फीत मात्र बाजूला काढता येत नव्हती.

फिलोमिनाबाईंना ती ऐकवली तेव्हा मी तिथे होते. त्यांनी नवऱ्याचा आवाज गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकला असावा. सुरुवातीला त्या हसल्या. मग 'ती रडंल' हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्या म्हणाल्या, "मना बोलला न्हाय तो. बहिणीला बोलला." आणि थोड्या वेळाने, "ह्यो मी देनार न्हाय. माझ्या नवऱ्याचा आवाज हाय."

बाईंनी समजावलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की हे वगळून मी शपथपत्रावर तुमची सही घेणार नाही, आणि तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर सगळी कागदपत्रं आजच देते. फिलोमिनाबाईंनी टेबलावरचा आंतोनचा फोन उचलला, पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेल्या. मी बाईंना विचारलं की त्यांनी दुसरीकडे जाऊन हे लपवलं तर? बाई म्हणाल्या, मलाही तेच वाटतंय. मी विचारलं, आणि आपण बरोबर केलं का? त्या टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. मग म्हणाल्या, त्या बाईचा कारखाना जाईल कदाचित माझ्यामुळे, आणि मला बरोबर-चूक काही कळत नाहीये, फक्त दुसरं काही करता येत नाहीये.

पुढचे काही दिवस बाई ऑफिसात वेगळ्याच असत. तांबेकाका दुपारी डबा घेऊन येत, तो तसाच परत जाई. काकांनी मला हळूच विचारलं की काय झालंय. मी सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज, फोन, हाय, न्हाय करता करता माझाच गुंता झाला आणि काका म्हणाले, जाऊ दे.

फिलोमिनाबाई परत आल्या त्या एका सोमवारी सकाळी. मधल्या दिवसांत त्या ती फीत घरी पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. आता ती त्यांना पाठ झाली होती. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "द्या. त्याला थकायचा बी हक्क व्हता."

ठाण्याच्या कोर्टात एका लहान खोलीत दोन्ही बाजूंनी एकमेकांचं साहित्य बघायचा दिवस ठरला. भोईरांच्या वकिलांनी आणलेलं म्हणजे फक्त एक पान, त्या मेसेजचा फोनवरूनच काढलेला फोटो. आम्ही भोईरांना सगळं दिलं, भाच्याचा मेसेजही आणि फीतही. भोईर उंचेपुरे, पांढरे कपडे, कानाशी केस पिकलेले. फीत ऐकायला त्यांच्या वकिलांनीच सुरुवात केली आणि 'तूच बघ' आल्यावर समाधानाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, हो, आहे ते असं आहे.

भोईर मात्र खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांनी वकिलांना ती पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. वकील म्हणाले, अहो कळलं ना? भोईर म्हणाले, "आवाज ऐकतोय त्याचा."

परत जाताना ते फिलोमिनाबाईंकडे न बघता गेले. त्यानंतरच्या तारखेसाठी बाईंनी कोर्टाला अर्ज दिला होता की भोईरांनीही त्या महिन्यांतलं कारखान्याबद्दलचं सगळं बोलणं द्यावं, नुसता एक फोटो नाही. लढाई होणार म्हणून मी रात्रभर जागून निवाडे काढले होते. त्यांची गरजच पडली नाही. भोईरांचे वकील उठले आणि काहीशा नाखुशीने म्हणाले की आमचे अशील फोन देतायत.

त्या फोनमध्ये कारखान्यातल्या मिस्त्रीला पाठवलेला एक मेसेज होता, आंतोनच्या मेसेजनंतर दोन दिवसांनी. 'बर्फाचे साचे गंजलेत ते आत्ता बदलू नको. आंतोन बरा होऊन येऊ दे, त्याला विचारून ठरवू.'

भागी सोडून गेलेल्या माणसाला कुणी साच्यांबद्दल विचारत नाही. मी मनातल्या मनात खटला जिंकून टाकला. बाई उठून भोईरांजवळ गेल्या आणि त्यांच्या वकिलांची परवानगी घेऊन विचारलं, "भोईरदादा, तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं? तो सोडतोय की नाही?"

भोईर म्हणाले, "पहिल्या दिवशी वाटलं सोडतोय. वाईट वाटलं. मग वाटलं, आजारी आहे, बडबडतोय. फोन करून विचारावं म्हटलं, पण तो ऑक्सिजनवर. मग तो गेलाच. आणि मेसेज तर माझ्या हातातच होता." त्यांनी वकिलांकडे पाहिलं. "मी खोटं बोलत नव्हतो मॅडम. पण खरं पण बोलत नव्हतो बहुतेक."

पुढे दोन-तीन बैठका झाल्या आणि तडजोड झाली. आंतोनचा हिस्सा फिलोमिनाबाईंच्या नावावर झाला, गिऱ्हाइकं त्या बघायला लागल्या. साचेही बदलले म्हणे. न्यायाधीशांनी तडजोडीवर सही करताना बाईंना विचारलं की त्या मेसेजचा अर्थ शेवटी काय निघाला. बाई म्हणाल्या, तो काढायचा राहून गेला साहेब.

तडजोडीनंतर फिलोमिनाबाईंनी आम्हाला पालीला जेवायला बोलावलं. मी माझ्या स्कूटरवर गेले, बाई बसने आल्या. गल्ली इतकी अरुंद की कुणाची मोटारसायकल आली की सगळ्यांनी कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. बाईही पदर खोचून चढत होत्या. जेवण झाल्यावर फिलोमिनाबाईंनी तो प्रश्न विचारलाच. आंतोनला सोडायची होती का न्हाय? तुम्ही सगळा वाचला, सगळा ऐकला. तुमाला काय वाटतं?

मला वाटलं, आता तरी बाई काहीतरी बरं वाटेल असं सांगतील. खटला संपला होता, शपथपत्र नव्हतं, कुणी तपासणार नव्हतं.

"मला नाही सांगता येत, फिलोमिनाबाई," बाई म्हणाल्या. "मी खूप शोधलं."

फिलोमिनाबाईंनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, मना बी न्हाय सांगता येत. रात्री वाटतं सोडायची व्हती, सकाळी वाटतं न्हाय. मग त्यांनी विचारलं की केससाठी तुम्ही त्याचा नंबर चालू ठेवायला सांगितला होता, आता बंद केला तर चालेल का. बाई म्हणाल्या, कायद्याने चालेल. आणि कायदा सोडून? बाईंनी हात पुसला, ताटाकडे पाहिलं. मी असते तर ठेवला असता चालू, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि लगेच, पण माझं ऐकू नका, मला कशातलं काही कळत नाही.

त्यानंतर महिनाभरात तांबेकाकांची तब्येत बिघडली आणि दोघं मुलीकडे कोल्हापूरला गेली. गाळा विकला. मी ठाण्यात दुसरीकडे लागले. फोनवर अधूनमधून बोलणं व्हायचं. काका वारले आणि वर्षाच्या आत बाईही गेल्या. मला उशिरा कळलं. मी ज्यांच्याकडे काम करते तिथे आता सगळं मशीनवर शोधतात, हजारो मेल आणि मेसेज, मशीनच सांगतं कुठलं कामाचं आणि कुठलं नाही. ते चटकन सांगतं आणि कधी अडखळत नाही. मला ते बघून नेमकं काय वाटतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बाई डोळ्यांसमोर येतात त्या पालीच्या त्या दुपारच्याच. उत्तन नाक्यावर भाईंदरची बस उभी होती. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर फिलोमिनाबाईंनी दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी. शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला होता, त्याचा बाईंना पत्ता नव्हता. त्या फोनवर काकांशी बोलत होत्या. मी स्कूटर लावून खिडकीखाली उभी राहिले, हात करायला. त्यांनी मला पाहिलं नाही.

"नाही हो, जिंकलो असं नाही म्हणता येत," त्या काकांना सांगत होत्या. "हरलो असंही नाही. थांबा, घरी आल्यावर सांगते सगळं पहिल्यापासून."

कंडक्टरने घंटी वाजवली आणि बस निघाली.